स्पिरिटचा बोळा आणि जपानी डबी

"पुढचं गिऱ्हाईक!" मी माइकमध्ये ओरडले आणि अख्खा हॉल हसला.

एका हातात माइक, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा, समोर स्पिरिटची बाटली. शाळेच्या वर्धापनदिनाचं प्रदर्शन होतं आणि नववी ब च्या टेबलाभोवती एवढी गर्दी होती, की शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी आपला बिचारा ज्वालामुखी दोनदा पेटवून पाहिला तरी कोणी तिकडे वळेना. आमच्या टेबलावर पाटी होती: 'तुमच्या घरातली लाख अस्सल आहे का?' पाटी मी लिहिलेली, कल्पनाही माझीच. आठवीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायचे ते बाकावरच्या शेजारणीलासुद्धा ऐकू जायचं नाही. नववीत विज्ञानाच्या सुखटणकर मॅडमनी एकदा जबरदस्तीने हातात माइक दिला, माझा आवाज स्पीकरमधून परत माझ्याच कानावर आला, आणि मला तो आवडला की! तेव्हापासून मी माइक सोडायला तयार नव्हते.

आमचं घर सावंतवाडीतल्या, लाकडी खेळणी करणाऱ्या चिताऱ्यांचं. लेथवर लाकूड गरगरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घासूनच ती तापते, वितळते आणि लाकडावर चढते. वरून केवड्याच्या पानाची झिलई. आमचे आजो, म्हणजे आजोबा, आजही रोज लेथवर बसतात. दुकानात कोणी शंका घेतली की ते वाद घालत नाहीत. बोळा स्पिरिटमध्ये बुडवतात, वस्तूच्या बुडाला घासतात आणि गिऱ्हाईकाच्या नाकासमोर धरतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, ऑइलपेंट विरघळत नाही. बोळा रंगला की माल अस्सल, पांढरा राहिला की नकली. विषय संपला.

तीच परीक्षा मी हॉलमध्ये मांडली होती. अकरा वस्तू झाल्या होत्या. मुख्याध्यापिका बाईंचा पेनस्टँडच नकली निघाला होता, आणि त्या स्वतः हसल्या होत्या. मी नुसती उडत होते.

"पुढचं गिऱ्हाईक मी," म्हणत बाबलमामा गर्दीतून पुढे आले.

बाबलमामा आमच्या आळीतले. तीस वर्षं बोटीवर आचारी होते, आता एकटेच राहायचे. संध्याकाळी मोती तलावाच्या कट्ट्यावर बसून गजाली सांगायचे. त्यांनी देवमाशाच्या पाठीवर भाकऱ्या भाजल्या होत्या, आफ्रिकेत एका सिंहाला फोडणीच्या भाताची चटक लावली होती. खरं काय नि खोटं काय असं कोणी विचारायचंच नाही. ऐकायला पोरं जमायची, म्हातारे जमायचे, भेळवाला गाडी तिथेच लावायचा.

मामांनी खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून एक डबी. काळीभोर, गोल, चपटी, माझ्या तळहातात मावेल एवढी. झाकणावर सोनेरी गवताची पाती वाऱ्याने एका बाजूला कललेली, आणि वर अर्धा चंद्र. कडेला एका जागी टवका उडालेला. एवढी गुळगुळीत, की वरचा पंखा तिच्यात फिरताना दिसत होता.

"चेडवा, ही जपानची लाख. तपास बघया."

"मामा, गोष्ट! गोष्ट!" पोरं ओरडली.

मामांना तेवढंच हवं होतं. "कोबे बंदराभायर तुफान. लाट केवढी? ह्या हॉलाच्या दुप्पट! कॅप्टन खुर्चेखाली लपलो. बोटीवर एक म्हातारो जपानी पुजारी होतो, तो उडालो तो थेट समुद्रात. मी काय केलंय? भाताचो टोप रश्शेक बांधलंय नि फेकलंय. पुजारी टोपात बसलो नि वर इलो. वर येऊन आधी भात खाल्ल्यान, मगे ही डबी दिल्यान. दीडशे वर्सांची! देवळातलो सुगंध हेच्यात ठेवतत."

"मामा, टोपात भात होता की पुजारी?"

"दोनय!"

हॉल खदाखदा हसला. "टेस्ट कर, दुर्वा! टेस्ट कर!"

"कर गो," मामा म्हणाले. "माझी डबी भियाची नाय."

मी डबी उलटी केली, बोळा बुडवला आणि बुडाला घासला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जोर लावून. बोळा बाटलीतून काढला होता तसाच पांढरा.

आता वाटतं, तिथे माइक खाली ठेवता आला असता. पण हॉल माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मला ते फार, फार आवडत होतं.

"बोळा पांढरा!" मी जाहीर केलं. "म्हणजे ही लाख नाहीच. मामा, तुमच्या पुजाऱ्याने तुमचा भात खाल्ला आणि वर ऑइलपेंट देऊन गेला!"

असा हशा त्या दिवसात एकदाही झाला नव्हता. मागून कोणीतरी शिटी मारली.

मामा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला बोळा घेतला, या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला. "नाय लागलो," ते म्हणाले. "रंग नाय लागलो." मग बोळा अलगद टेबलावर ठेवला. मी डबी पुढे केली तर म्हणाले, "ठेव तुझ्याकडेच. आजोक सुपारी ठेवूक जायत." आणि गेले. रुमाल टेबलावरच राहिला.

दोन दिवस मी शाळेची राणी होते. पहिलं बक्षीस आमच्याच टेबलाला मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी संध्याकाळी क्लासवरून येताना पाहिलं, तर मामा तलावाकडून घरी निघाले होते आणि सायकलवरून दोन पोरं ओरडत गेली, "ऑइलपेंटमामा! ओ ऑइलपेंटमामा!" त्या मुलांना ते नाव कुठून मिळालं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मंगळवारी कट्टा रिकामा. भेळवाल्याने गाडी बसस्टँडकडे नेली होती.

त्याच संध्याकाळी आजो लेथवरून उठले, आईने चहाचा स्टीलचा पेला आणून दिला, तो धरवेना इतका गरम. आजोंनी हाताशी आली ती वस्तू पुढे ओढली आणि तिच्यावर पेला टेकवला. मामांची डबी!

"आजो! तिच्यावर कित्याक?"

"ऑइलपेंटाची मा ती? तेका काय होता!"

आमच्या लाखेवर गरम पेला ठेवला तर पांढरा गोल उमटतो, कधी पेला चिकटूनच बसतो. ऑइलपेंट असला तरी जरा मऊ पडतो, नख लावलं की कळतं. मी पेला उचलला. काहीच नाही. नख दाबून पाहिलं. काहीच नाही. चंद्र तसाच, गवत तसंच, वर फिरणाऱ्या पंख्याचं प्रतिबिंबही तसंच.

आजोंनी डबी माझ्या हातातून घेतली. उजेडात तिरकी धरली. टवक्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग ती मला परत दिली, चहा संपवला आणि लेथ चालू केला. पण माझे आजो मला माहीत आहेत. जी वस्तू त्यांना फालतू वाटते, तिच्याकडे ते एवढा वेळ बघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सुखटणकर मॅडमच्या प्रयोगशाळेत होते.

"मॅडम, सूक्ष्मदर्शक हवाय."

"कांद्याची साल झाली ना तुमची?"

"साल नाही. गुन्हा झालाय," मी म्हटलं आणि डबी टेबलावर ठेवली.

मॅडम प्रदर्शनात होत्या, त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी भिंगाखाली टवक्याची बाजू बसवली आणि मला बाजूने टॉर्च धरायला लावला. मग मी डोळा लावला.

काळा थर. त्याखाली आणखी काळा थर. त्याखाली आणखी. मी बारापर्यंत मोजले आणि चुकले. थरांच्या खाली कापडाची वीण दिसली, खरोखरचं कापड, उभा धागा आडवा धागा, आणि त्याखाली लाकूड. गवताच्या पातीवर आले तर ती रेघ नव्हतीच. सोन्याचे सुटे सुटे कण होते, कोणी चिमटीने पेरल्यासारखे, आणि त्यांच्यावर काचेसारखा पातळ थर.

"मॅडम, ऑइलपेंटचे किती हात मारतात?"

"आमच्या कपाटाला सुताराने दोन सांगून एकच मारला."

"आणि त्याच्याखाली कोण कापड चिकटवतं?"

मॅडमनी स्वतः डोळा लावला. मग त्या सरळ झाल्या. "दुर्वा, तुमची लाख कुठून येते?"

"किड्यापासून. फांदीवर किडे लाख सोडतात."

"आणि जपानातली?"

मला वाटलं होतं लाख म्हणजे लाख, जगात सगळीकडे एकच. आम्ही दोघी शाळेच्या संगणकावर बसलो. घंटा झाली, मॅडमनी पुढच्या तासाला निरोप पाठवला. तिथे कळलं की जपानात किडा नाहीच. तिथे एक झाड आहे. त्याच्या सालीला चिरा देतात, चीक गोळा करतात, त्याचे थर एकावर एक चढवतात. तो उन्हात वाळत नाही, त्याला ओल लागते! पावसाळ्यात आमची लाख रुसून बसते आणि त्यांची खुशीत वाळते. आणि एकदा वाळली की तिला ना गरम पाणी काही करत, ना स्पिरिट. अशा डब्यांची चित्रंही होती. त्यांना कोगो म्हणतात. चहाच्या समारंभात जाळायचं सुगंधी लाकूड त्यात ठेवतात. मामा म्हणाले होते, सुगंध ठेवतात.

"आंबा, काजू, बिब्बा, त्याच कुळातलं झाड आहे हे," मॅडम म्हणाल्या. "आंब्याचा चीक लागून ओठ सुजलाय ना कधी? त्याचा हा जपानी चुलतभाऊ."

"म्हणजे माझी परीक्षा..."

"परीक्षा बरोबर होती, पण ती किड्याच्या लाखेची. तू उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं दिलंस."

शाळा सुटल्यावर मी थेट मामांच्या घरी. मामा खाली बसून तांदूळ निवडत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. किडा, झाड, बारा थर, कापड, सोनं.

त्यांनी ऐकून घेतलं. "चेडवा, माका बरा वाटाचा म्हणान सांगतंस."

"नाय ओ मामा! मी डोळ्यान बघलंय! ही घ्या तुमची डबी."

त्यांनी हात पुढे केला नाही. "मी पन्नास वर्सा गजाली सांगतंय. तुझो बोळो पांढरो बघलंय नि माका काय वाटला म्हायत आसा? बाबल्या, हीव गजाल तूच रचलंस काय रे? आता माझीच माका खात्री नाय." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "तू मोठ्यान बोलतंस, बरा बोलतंस. माझी काळजी नको. जा, घराक तुझी आवस वाट बघीत असतली."

"शनिवारी बक्षीस समारंभ आसा. तुम्ही येवा. मी सगळ्यांसमोर सांगतलंय."

"मी नाय येवचंय. एकदा झाला ता पुरे."

रस्त्यात मी रडले नाही. मला राग आला होता. स्वतःचाच, पण राग तो राग. भर हॉलमध्ये मी त्यांचा शब्द खोटा पाडला होता. तो त्यांच्या घरात येऊन, दाराआड, हळू आवाजात परत कसा देता येईल? जिथे घेतला तिथेच द्यायला हवा होता. माइकमधून.

रात्रीच्या जेवणाला मी हे आजोंना सांगितलं आणि घास आजोंच्या हातातच राहिला.

"काय सांगतलंस? चिताऱ्यांची परीक्षा चुकली म्हणान?"

"चुकली तर चुकली."

"खुळावलंस काय? लाख ती लाख. जपानातली काय नि बाजूच्या आकेरीतली काय!"

"आजो, तुम्ही काल ती डबी किती येळ बघलात?"

आजोंनी ताट जरा पुढे सारलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुका काय म्हायत गो. आपण गिऱ्हाईकासमोर स्पिरिट लावतंव कित्याक? बाजारात प्लास्टिकाचा आमच्यासारखाच दिसता. आमच्याकडे ह्योच एक बोळो. उद्या लोक म्हणतले, चिताऱ्याचो बोळो खोटो बोलता. मगे काय रवला?"

हे मला खरंच सुचलं नव्हतं. आजो उगाच अडून बसले नव्हते. आई मध्ये पडली, "दुर्वा, जेव आधी." पण मी उठले होते. आजोंच्या लाकडी पेटीत त्यांच्या लग्नातला कोट असतो, पांढरा, आता पिवळसर. तो मी घेऊन आले. कॉलरच्या आतल्या बाजूला परटाची खूण आहे, दोन ठिपके आणि एक रेघ.

"ही खूण कशाची, आजो?"

"बिब्ब्याची. पयले परीट बिब्ब्यानच खुणा करीत. कपडे अदलाबदल होव नयेत म्हणान."

"किती वर्सा झाली?"

"पंचावन."

मी बाटली उघडली.

"माझो कोट!" आजो ओरडले, पण तोवर बोळा कॉलरवर होता. मी घासला, परत घासला, आणि बोळा त्यांच्या नाकासमोर धरला, त्यांच्याच पद्धतीने. पांढरा.

"आता सांगा. ही खूण खोटी?"

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. आजोंनी कोट माझ्या हातातून ओढून घेतला. खूण पाहिली. बोळा पाहिला.

"त्या जपानी झाडाचो चीक बिब्ब्याच्याच जातीचो," मी म्हटलं. "मॅडमनी दाखवला माका."

"बिब्ब्याचो डाग जल्मात जाणा नाय," आजो स्वतःशीच बोलले. मग बराच वेळ कोटाची घडी घालत बसले. "खरा आसा," शेवटी म्हणाले. "बाबल खरो बोललो. पण ता घरात रवांदे. भायर सांगूची गरज नाय."

"त्यांका खोटो भायर ठरवलंय."

"दुर्वा!"

"मी सांगतलंय, आजो." मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि जेवायला बसले.

शनिवारपर्यंत आजो माझ्याशी बोलले नाहीत.

शनिवारी हॉल भरलेला. पालक, शिक्षक, गावातले चार मान्यवर. मामा नव्हते, मी दाराकडे सारखी बघत होते. "प्रथम पारितोषिक, नववी ब, अस्सल लाख!" टाळ्या. मी वर गेले, ढाल घेतली आणि बाईंना म्हटलं, "बाई, मला दोन मिनिटं माइक हवाय."

"आभारप्रदर्शन शेवटी आहे, बाळ."

"आभार नाहीत, बाई. चूक आहे."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि बाजूला झाल्या.

मी कागदावर लिहून आणलं होतं, पण कागद ढालीखाली अडकला, म्हणून तसंच बोलले. "त्या दिवशी मी बाबलमामांच्या डबीला ऑइलपेंट म्हटलं. तुम्ही सगळे हसलात. मी हसवलं म्हणून हसलात. ती डबी ऑइलपेंट नाही. ती जपानी लाखेचीच आहे, फक्त ती लाख किड्याची नाही, झाडाची आहे, आणि तिच्यावर स्पिरिट चालत नाही. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. बारापेक्षा जास्त थर आहेत, खाली कापड आहे, वर सोनं आहे. मामा म्हणाले जपानची, तर ती जपानची. म्हणाले सुगंध ठेवायची, तर ती सुगंधच ठेवायची. मला माहीत नव्हतं, ते मी 'खोटं आहे' असं सांगितलं. ज्या परीक्षेबद्दल हे बक्षीस आहे, तिचा अर्धा निकाल चुकीचा होता."

हॉलमध्ये कुजबुज. आणि मग आजोंना जिची भीती वाटत होती तीच गोष्ट झाली. चौथ्या रांगेतून एक पालक मोठ्याने म्हणाले, "म्हणजे चिताऱ्यांच्या दुकानातली परीक्षा खोटीच की! आम्ही इतकी वर्षं बोळा बघून माल घेतो!"

काहीजण हसले. माझा आवाज पुन्हा आठवीतल्याइतका होईल असं वाटलं, म्हणून मी माइक आणखी जवळ ओढला.

"खोटी नाही," मी म्हटलं. "बोळा रंगला तर लाख आहे, हे शंभर टक्के. पण पांढरा राहिला तर..."

"तर काय?"

"तर बोळ्याक म्हायत नाय!" मागून आवाज आला.

सगळे वळले. दाराशी आजो उभे होते. मार्च महिन्याच्या दुपारी, लग्नातला कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, घामाने निथळत. ते मधल्या वाटेने सरळ चौथ्या रांगेपाशी आले, कॉलर उलटी केली आणि खिशातून बाटली आणि बोळा काढला.

"ही परटाची खूण. बिब्ब्याची. घासा."

"अहो अनंतराव, मी सहज म्हटलं..."

"घासा! तुम्हीच घासा. माझो हात नको."

त्या गृहस्थांनी घासलं. आख्खी रांग उठून बघत होती. बोळा पांढरा.

"खूण खरी काय खोटी?"

"खरी."

"बाबलाची डबी अशीच, बिब्ब्याच्या जातीच्या चिकाची. माझी नात बोलली ता मी आधीच बोलूक होया होता. मंगळवारी मी ती डबी हातात घेतलंय, तेव्हाच माका कळला होता ही आपली नाय, आपल्यापेक्षा भारी आसा. बोलूक जीभ उठली नाय." आजोंनी स्टेजकडे पाहिलं. "पन्नास वर्सा बोळो घासतंय मी. तेका सगळा म्हायत आसा, असा समजलंय."

टाळ्या आधी सुखटणकर मॅडमनी वाजवल्या. नंतरच्या मी ऐकल्या नाहीत, कारण आजो खालूनच मला म्हणत होते, "उतर खाली. बाबल खय आसा? नाय इलो? चल मगे."

मामा घराच्या पायरीवर बसले होते. आजोंना कोटात बघून ते उभेच राहिले. "काय रे अनंता, परत लगीन करतंस?"

"गप बस. चेडवान काय केल्यान ता ऐक." आणि दिवसात वीस वाक्यंही न बोलणाऱ्या आजोंनी सगळं सांगितलं. चौथी रांग, कॉलर, बोळा, सगळं. शेवटी म्हणाले, "माझ्या बोळ्यान तुझो अपमान केल्यान. मी माफी मागूक इलंय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमालात गुंडाळलेली डबी पुढे केली. या वेळी त्यांनी ती घेतली. गुडघ्यावर ठेवली, झाकण उघडलं. आत काळपट लाकडाचे तीन बारीक तुकडे होते, मी ते पाहिले होते पण हलवले नव्हते.

"डबी खरी," मामा म्हणाले. "तुफान खोटा."

"ता आमका म्हायत आसा," आजो म्हणाले.

"पुजारीव नाय." मामांनी डबीतला एक तुकडा बोटाने सरळ केला. "कोबेक धक्क्यावर तेलात पाय घसारलो नि मांडयेचा हाड मोडला. बोट काय आचाऱ्यासाठी थांबता? गेली. माका इस्पितळात टाकून. चाळीस दिवस. भाषा कळणा नाय, खाणा गळ्याखाली उतरणा नाय. थंय एक बाई लादी पुशी. म्हातारी. काम झाला की माझ्या खाटेकडे स्टूल घेऊन बसायची. ती जपानीत बोलायची. मी मालवणीत. तिका माझा एक अक्षर कळणा नव्हता. म्हणान मी तोंडाक येत ता सांगी. देवमासो सांगी, सिंह सांगी. मी हातवारे केलंय की ती हसायची. तेच्याआधी मी कधी कोणाक एक गजाल सांगलेली नाय, दुर्वा. मी मुको होतंय. बोटीवर माका मुको आचारी म्हणत."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. ती माझ्या बोलण्याची वेळ नव्हती.

"जाताना ही दिल्यान. आपल्या डोक्याक हात लावल्यान, मगे तेच्यावर हात, मगे आणखी वर. आवशीची, आवशीच्या आवशीची, असाच काय ता. एका पोराचो फोटो दाखवल्यान, बोटीवरच्या कपड्यातलो. तिचो झील, पोटचो पोर असतलो. नसतलोव. कोण जाणे, तीव माका गजालीच सांगीत असात!" मामा हसले, आणि हसता हसता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

"मगे ह्या सांगूचा सोडून पुजारी कित्याक रे?" आजोंनी विचारलं.

"ह्येच्यात सांगण्यासारखा काय आसा? पाय मोडलो म्हटला की लोक कीव करतत. तुफान म्हटला की टाळ्यो." त्यांनी डबी बंद केली, झाकण बरोबर बसलंय ना ते बोटाने चाचपलं. मग माझ्याकडे बोट केलं. "ही गजाल शाळेत सांगू नको हां. कोणाचो इस्वास बसाचो नाय."

"बसतलो," मी म्हटलं. "मी सांगतलंय मा."